पहिली नळी माझी

आमच्या वर्गात सगळ्यांत आधी बोट टोचलं गेलं ते माझं. डिप्लोमाचा दुसरा की तिसरा दिवस असेल. सरांनी वर्गावरून नजर फिरवली आणि मला उभं केलं. "ही पाहा," ते म्हणाले, "चांगलं रक्त कसं असते ते हिच्या गालावरच लिहून आहे." वर्ग खो-खो हसला. मीही हसले. अठराव्या वर्षी कुणी आपल्याला निवडलं की माणूस खूश होतो, कशासाठी निवडलं हे विचारत नाही. त्या हसण्याचा मला आज इतक्या वर्षांनीसुद्धा राग येतो.

यवतमाळात एका कापड दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमची संस्था होती. दोन खोल्या, तीन मायक्रोस्कोप, त्यातल्या एकाचं भिंग फुटलेलं. बारावीनंतर दोन वर्षांत लॅब टेक्निशियन करून देतो, असं खाली जिन्याशी पाटीवर रंगवलं होतं. मला बी.एस्सी. करायचं होतं. पण बाबा कळंबला कापसाच्या एका जिनिंगमध्ये फिटर होते, आणि जे जिनिंग पूर्वी दसऱ्यापासून उन्हाळ्यापर्यंत धडधडायचं ते त्या वर्षांत संक्रांत झाली की बंद पडायला लागलं होतं. कापूसच येत नव्हता. बोंडं वरून धडधाकट दिसायची आणि उकलून पाहावं तर आत अळी. बाबांनी सरांना एकच प्रश्न विचारला, "पोरीच्या हाताले काम लवकर भेटन काय?" सर म्हणाले, दोन वर्षांत. बाबांनी मान डोलावली आणि माझी डिग्री तिथल्या तिथे संपली.

वर्गात निम्म्याहून जास्त मुलं शेताच्या घरातली होती. कुणी आर्णीकडून, कुणी महागावकडून आलेलं. सगळ्यांना घाई होती. घरून निरोप आला की ज्याला निरोप आला तो दोन दिवस गप्प राहायचा आणि बाकीचे त्याला काही विचारायचे नाहीत. कापूस हा शब्द आमच्या वर्गात फक्त स्पिरिटच्या बोळ्यासाठी वापरला जायचा.

सर आम्हाला गावाच्या नावाने हाक मारायचे, कारण त्यांना आमची नावं लक्षात राहत नसत. माझ्या बाकावर बसायची ती मुकुटबनकडची, म्हणून ती 'मुकुटबन'. किडकिडीत, जाड भिंगाचा चष्मा, बोलणं कमी. यवतमाळात खोली करून राहायची आणि माझ्या डब्यातलं वांग्याचं भरीत न विचारता खायची. माझी तिची दोस्ती तिथून सुरू झाली. मी मात्र लवकरच कळंबची राहिले नाही. माझं नाव पडलं 'नॉर्मल'.

त्याचं असं झालं. रक्ताची कुठलीही तपासणी करताना एक नळी निरोगी रक्ताची ठेवायची असते. ती चांगली आली तर आपली औषधं ठीक आहेत असं समजायचं आणि बाकीच्या नळ्या तिच्याशी ताडून पाहायच्या. असं तयार रक्त बाटलीत मिळतं. आमच्यासाठी ते नागपूरहून बर्फात यायचं, आणि एसटीच्या टपावरून येईपर्यंत बर्फाचं पाणी झालेलं असायचं. दोन वेळा वाया गेल्यावर सरांनी डोकं चालवलं. जिवंत, धट्टीकट्टी पोरगी वर्गात असताना बाटली कशाला हवी? तेव्हापासून प्रत्येक तपासणीला पहिली नळी माझी. "ए नॉर्मल, बोट आण." डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाला माझ्या घट्टे पडले होते. आईला मी ते अभिमानाने दाखवायची. माझं स्वतःचं रक्त निरोगी आहे की नाही हे कुणी कधी तपासलंच नव्हतं. सरांनी नाही, मी नाही. ज्याच्याशी सगळ्यांना ताडायचं ते कशाशी ताडणार?

दुसऱ्या वर्षी आम्हाला शिबिरांना जुंपलं. एक सेवाभावी मंडळ गावोगावी सिकलसेलची तपासणी करत होतं आणि त्यांना फुकटचे हात हवे होते. हा आजार आमच्याकडे घरोघरी आहे, आम्हा बौद्धांत आहे, गोंड-कोलामांत आहे. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, नसांमध्ये अडकतात आणि माणूस दुखण्याने लोळतो. दोष आई किंवा बाप एकाकडूनच आला तर माणूस नुसता वाहक. त्याला काही होत नाही, तो जन्मभर खातो-पितो, गाल लाल ठेवतो, आणि त्याला पत्ताही लागत नाही. पण वाहकाचं लग्न वाहकाशी झालं तर होणाऱ्या प्रत्येक मुलाला चारांत एक या हिशेबाने पुरा आजार येऊ शकतो. म्हणून लग्नाआधी तपासायचं. आजारी माणसाला लाल कार्ड, वाहकाला पिवळं, निरोगी असेल त्याला पांढरं.

तपासणी अगदी साधी होती. नळीत पावडरीचं पाणी घ्यायचं, त्याला विझलेल्या काडीसारखा वास यायचा. त्यात बोटातलं थोडंसं रक्त सोडायचं आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा स्वच्छ दिसल्या तर रक्त चांगलं. पाणी गढूळ होऊन रेघा बुडाल्या तर दोष.

पहिलं शिबिर कळंबजवळच्या एका गावात, शाळेच्या व्हरांड्यात होतं. चैत्रातलं ऊन. मी बोट दिलं, पहिली नळी तयार झाली, मुकुटबनने ती कागदासमोर धरली आणि धरूनच राहिली.

"तुह्या नळीत रेघा धुरकट दिसून राह्यल्या वं," ती म्हणाली.

"चष्मा पूस," मी म्हणाले.

तिने खरंच चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. "धुरकटच आहे."

सरांना बोलावलं. त्यांनी नळी उन्हात धरली, कपाळाला आठ्या घातल्या आणि निकाल दिला, "पावडर जुनी झाली. उन्हानं उतरली. एक काम करा, नॉर्मलइतकं धुरकट असन त्याले नॉर्मल समजा. त्याहून गढूळ दिसलं तरच मले बोलवा."

त्या व्हरांड्यात ते इतकं शहाणपणाचं वाटलं होतं! सर वीस वर्षं रक्तपेढीत काम केलेले. पावडर उतरते हेही खरंच होतं. आणि त्याच दुपारी दोन नळ्या ताकासारख्या पांढऱ्या झाल्या, दोन लाल कार्डं निघाली, तेव्हा आमची खात्रीच पटली की तपासणी बिनचूक आहे. नळ्या तीन तऱ्हेच्या निघत होत्या. स्वच्छ, माझ्यासारख्या धुरकट, आणि ताकासारख्या. आम्ही पहिल्या दोन्ही तऱ्हांना पांढरं कार्ड देत गेलो. अक्षर चांगलं म्हणून कार्डं मी लिहायची. उन्हाळाभर, पाऊस लागेपर्यंत, गावामागून गाव, पहिली नळी माझी आणि खाली सही माझी. पावडरीचा नवा डबा आला तरी माझी नळी धुरकटच राहिली. सर म्हणाले, डबाच खराब आला. मुकुटबन पुन्हा काही बोलली नाही. तिला एकदा चष्मा पुसायला लावलं होतं ना मी.

वर्ग संपायच्या बेताला माझ्या भावासाठी मुली पाहणं सुरू झालं. भाऊ माझ्याहून चार वर्षांनी मोठा, एसटीच्या वर्कशॉपमध्ये लागलेला, बोलायला गोड. मला दुसरी कुणी सुचलीच नाही. मीच आईच्या मागे लागले, मीच मुकुटबनला चिडवून चिडवून हो म्हणायला लावलं. आमच्यात पत्रिका पाहत नाहीत. त्या सुमारास समाजातले शिकलेले लोक सांगत फिरायचे की पत्रिका सोडली तशी आता कार्डं पाहायला शिका. तिचे वडील त्यातले. बैठकीत चहा झाल्यावर त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "राग नका मानू, पण रक्ताचं कार्ड पाह्यलं तर बरं होईन."

बाबांनी मोठ्या ऐटीत भावाचं कार्ड पुढे केलं. त्यांनी मुलीचं काढलं. दोन्ही पांढरी. दोन्हींवर माझं अक्षर. माझ्या भावाला मीच तपासलं होतं, त्याची नळी अगदी माझ्यासारखी आली होती. मुकुटबनचीही तशीच. सगळे हसले, कुणीतरी म्हणालं, घरचीच डॉक्टरीण आहे मग काळजी कशाची. मी ट्रे घेऊन उभी होते आणि माझी छाती अभिमानाने फुगली होती. पुढच्या उन्हाळ्यात कळंबच्या विहारात लग्न झालं. ती पांढऱ्या साडीत, चष्मा काढून, समोरचं काहीएक न दिसता वंदना म्हणत होती आणि मी मागून तिला ढोसत होते.

मला नागपूरला एका मोठ्या लॅबमध्ये काम मिळालं. तिथे रक्तातले घटक विजेवर वेगळे करून पट्टीवर पाहायचं यंत्र होतं. एका घटकाची एक रेघ. तिथल्या मुख्य बाई कडक होत्या, त्यांनी पहिल्याच महिन्यात हे काम शिकवायला घेतलं आणि म्हणाल्या, एक निरोगी नमुना घे. मी सवयीने बाही वर केली.

तासाभराने बाईंनी पट्टी उजेडात धरली. "हे कुणाचं आहे?"

"माझं. नॉर्मल."

"इथे दोन रेघा आहेत," बाई म्हणाल्या. "तू वाहक आहेस. माहीत नव्हतं का तुला?"

बाई पुढच्या पट्टीकडे वळल्या, कारण त्यांच्या दृष्टीने त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. वाहकाला काही होत नाही. आणि मला मात्र एकेक व्हरांडा दिसत होता, एकेक झाड, आणि रांगेत उभी माणसं, लग्नाच्या वयाची पोरं-पोरी, हातात माझ्या अक्षरातलं पांढरं कार्ड घेऊन घरी जाणारी.

त्याच आठवड्यात आईचा फोन आला होता. वहिनीला, म्हणजे मुकुटबनला, दिवस गेले होते. तिसरा महिना संपत आला होता.

मी बाईंना विचारलं, जसं काही पुस्तकातला प्रश्न विचारतेय तसं, की दोघं वाहक असले आणि बायको गरोदर असली तर काय करतात. बाई म्हणाल्या, मुंबईला पाठवतात, पोटातल्या बाळाची तपासणी होते, मग काय करायचं ते आईबाप ठरवतात. पण लवकर जावं लागतं. चौथ्या महिन्यापर्यंत. त्यानंतर डॉक्टरही काही करू शकत नाहीत.

आता इथे मला खरं लिहायला हवं. मी फोन केला नाही. मी स्वतःला सांगितलं, आधी खात्री करू. भाऊ कदाचित आईसारखा असेल, मी बाबांसारखी. दिवाळीला घरी जाणारच आहोत, तेव्हा पाहू. दिवाळी महिन्यावर होती. महिना म्हणजे काय हे मला चांगलं कळत होतं. मला तिच्या रागाची भीती होती, भावाचं घर मोडेल याची होती, आणि सगळ्यांत जास्त भीती होती ती मी नॉर्मल उरणार नाही याची. सरांना मात्र कळवलं. ते फोनवर म्हणाले, "आता कुठं कुठं जाशीन? पावडर जुनी होती. कोणाले सांगू नको." मी पुढे जमेल तितक्या गावी परत गेले, पुन्हा तपासण्या केल्या, कार्डं बदलून दिली. पण ते नंतर. त्या वेळी सरांचं ते वाक्य मला आधारासारखं वाटलं होतं.

दिवाळीत मी नागपूरहून बर्फाचा थर्मास घेऊन गेले. भावाला म्हणाले, अंगात रक्त किती आहे पाहते. त्याने हात पुढे केला. "घे बापा. मच्छर काय कमी हायत घरात!" मी नळी भरून घेतली आणि झाकण लावलं. वहिनी भिंतीला टेकून चिवड्यासाठी पोहे निवडत होती. पोट किंचित दिसायला लागलं होतं. तिने पोह्यांचं ताट बाजूला सारलं आणि बोट पुढे केलं.

"माहं पण पाह्य न."

"तुह्यं कायले?" मी म्हणाले. "दोन जिवांची हायस. तुह्यं रक्त कायले सांडायचं?"

ती क्षणभर बोट तसंच धरून बसली. मग हात मागे घेतला आणि पुन्हा पोहे निवडायला लागली. मी थर्मास पिशवीत ठेवला. नागपूरला भावाच्या पट्टीवर दोन रेघा आल्या. चौथा महिना संपला होता.

मग वाट पाहणं सुरू झालं. चारांतले तीन आपल्या बाजूने आहेत, असं मी रोज मनाशी म्हणायची. बसमध्ये, नळ्या धुताना, जेवताना. मुलगी झाली. गुटगुटीत, गोरी, मोठ्या आवाजाची. घर आनंदाने वेडं झालं. पण जन्मलेल्या बाळाचं रक्त पहिले काही महिने वेगळंच असतं, त्यात आजार दडून राहतो, हे मी शिकले होते. ते वहिनीही शिकली होती, त्याच बाकावर, माझ्या शेजारी बसून. प्रत्येक फोनला मी विचारायची, पोर कशी आहे? आई म्हणायची, मस्त आहे. मला मस्त या शब्दाची धास्ती बसली.

पोर आठ महिन्यांची झाली तेव्हा मी चार दिवसांची सुटी काढून कळंबला गेले. हिवाळ्यातली सकाळ होती. आई ओसरीत उन्हात पोरीला मांडीवर घेऊन बसली होती आणि तिच्या हातात काळ्या मण्यांची मनगटी घालत होती. मनगटी चढेना.

"पाह्य वं," आई कौतुकाने म्हणाली, "महिन्याभरातच कसं बाळसं धरलं पोट्टीनं! मनगटीच जाऊन नाही राह्यली."

पोर किंचाळत होती. आई हसत होती, नाटकी आहे म्हणत होती. मी खाली बसले. दोन्ही पंजे वरच्या बाजूने फुगलेले होते, कातडी ताणून चकाकत होती. पायांकडे पाहिलं. पावलंही तशीच. मी बोट नुसतं टेकवलं तर पोरीने पाय आखडून घेतला. पुस्तकात या सुजेवर अर्धं पान होतं. या आजाराची पहिली खूण बहुतेक वेळा हीच असते.

मी वर पाहिलं. वहिनी दारात उभी होती. ती पोरीकडे पाहत नव्हती, माझ्याकडे पाहत होती.

"आई," ती म्हणाली, "तुमी चहा टाका. पोरीले इकडं द्या."

आई पोरीला तिच्याकडे देऊन आत गेली. वहिनी माझ्यासमोर बसली, पोरीला खांद्यावर टाकून तिची पाठ थोपटत राहिली.

"सूज आहे थोडी," मी म्हणाले.

"आठ दिवस झाले," ती म्हणाली. "मीनं पण तोच डिप्लोमा केला न."

"मंग बोलली काहून नाई?"

"तू बोलशीन म्हणून थांबली." ती शांत होती, आणि त्या शांतपणाची मला इतकी भीती वाटली की ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "दिवाळीत तू तुह्या भावाचं रक्त बर्फात घालून नेलं. हिमोग्लोबिनले कोणी बर्फ नेते काय वं? मी बोट पुढं केलतं. तू नाई घेतलं. तवाच समजलं का तुले काहीतरी ठाऊक आहे. मी म्हटलं, सांगन. आज सांगन, उद्या सांगन. माही दोस्त आहे, माहं वाईट नाई होऊ देणार."

"तुम्ही दोघंही वाहक आहात," मी म्हणाले. "मीही आहे. मला तुझ्या तिसऱ्या महिन्यात कळलं होतं."

हे वाक्य म्हणायला मला सव्वा वर्ष लागलं होतं आणि म्हणायला श्वासभरही वेळ लागला नाही. पोर हुंदके देत देत तिच्या मानेत तोंड खुपसून निजायला लागली होती. मी वहिनीचा हात धरायला गेले तर तिने तो काढून घेतला, रागाने नाही, जसं गरम भांड्यापासून काढतो तसा.

"तवा ही पोटात होती," ती म्हणाली. "मुंबईले न्यायची का नाई, ते माह्यं मी ठरवलं असतं. तू ठरवायचं नव्हतं."

मी रडायला लागले. तिने मला रडू दिलं, पण समजावलं नाही. मग उठली, पोरीची झोपमोड होणार नाही अशी हळू उठली, आणि दाराशी थांबली.

"आता आईले तू सांग. तुह्या भावाले पण तूच सांग. माह्या तोंडातून नको काढून घेऊ."

मी तोंड पुसलं आणि स्वयंपाकघरात गेले. आई कपांत चहा ओतत होती. ती न चढलेली मनगटी तिने स्वतःच्या करंगळीत अडकवून ठेवली होती. "एक दोरा वाढवून घेतो तिले," ती म्हणाली, "वाढतं अंग आहे." मी तिच्या हातातून किटली घेऊन खाली ठेवली.

"आई," मी म्हणाले, "ते बाळसं नाही."